जोडणी झाली, पण टिकते का? : जावा सर्व्हरमधील वेबसॉकेट आणि त्याच्या चाचण्या

मुंबई-नाशिक महामार्गाने भिवंडी मागे टाकली की पडघ्याच्या अलीकडे-पलीकडे गोदामांची रांग सुरू होते. मुंबईला जवळ, पण मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, म्हणून हा पट्टा आधी वाढला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोदामे हलली नाहीत. निव्वळ करापायी राज्याराज्यांत छोटी गोदामे ठेवायचे कारण उरले नाही, तेव्हा कंपन्या माल मोठ्या शेडमध्ये एकवटू लागल्या. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि नागपूरहून सुटलेली गाडी थेट याच भिवंडी तालुक्यात उतरू लागली.

या गोदामांत मालाबरोबर माहितीही सतत हलत असते. गाडी गेटवर आली, वजनकाटा झाला, कोणत्या डॉकवर लागली, किती नग भरले, ई-वे बिल निघाले का, गेटपास झाला का. सुपरवायझर हे समोरच्या पडद्यावर पाहतो. पडद्यावरची माहिती मिनिटभर जुनी असली तरी दोन गाड्या एकाच डॉकवर पाठवल्या जातात, ड्रायव्हर हुज्जत घालतात आणि हमालांची टोळी बसून राहते. म्हणजे प्रश्न एवढाच, की सर्व्हरवर झालेला बदल त्याच क्षणी पडद्यावर कसा पोचवायचा. वेबसॉकेट हे त्याचे आजचे रुळलेले उत्तर. व्हॉट्सॲप वेबवर येणारा निरोप किंवा झिरोधाच्या काइटवर हलणारे भाव याच मार्गाने येतात. गोदाम, बँक, विमा यांची बरीच सॉफ्टवेअरे जावात आहेत, म्हणून हा आढावा जावाच्या बाजूने. माझे मत आधीच सांगतो. सर्व्हरमध्ये वेबसॉकेट बसवणे आता सोपे झाले आहे. चाचणी मात्र बहुतेक ठिकाणी अर्धवट सोडली जाते, आणि त्याची किंमत पत्र्याच्या शेडखाली, कमजोर नेटवर्कवर काम करणाऱ्या माणसाला मोजावी लागते.

एचटीटीपीची मूळ रीत अशी की ब्राउझरने विचारायचे आणि सर्व्हरने उत्तर द्यायचे. सर्व्हर आपणहून कधी बोलत नाही. त्यामुळे पहिला उपाय सगळ्यांनी तोच केला: दर दोन सेकंदांनी विचारत राहायचे. पन्नास पडदे असले तर सेकंदाला पंचवीस विनंत्या, आणि त्यांतल्या बहुतेकांचे उत्तर ‘नवे काही नाही’. मग विनंती उघडी धरून ठेवायची, बातमी आली की उत्तर द्यायचे आणि लगेच दुसरी विनंती घ्यायची, ही युक्ती रूढ झाली. अशा पद्धतींना २००६ मध्ये अ‍ॅलेक्स रसेल यांनी कॉमेट हे नाव दिले. टॉमकॅट ६ आणि जेट्टी या जावा सर्व्हरांनी त्यासाठी आपापल्या सोयी केल्या. २००९ च्या सर्व्हलेट ३.० ने तेच काम प्रमाणित केले. ही पद्धत आजही निकामी झालेली नाही. ज्या ऑफिसचा जुना प्रॉक्सी दुसरे काही चालू देत नाही, तिथे तीच कामाला येते.

वेबसॉकेटचे मसुदे २००८ पासून फिरू लागले आणि क्रोम ४ मध्ये त्याची पहिली सोय आली. पण २०१० च्या अखेरीस फायरफॉक्स आणि ऑपेरा यांनी ती बंद ठेवली. मधले काही प्रॉक्सी वेबसॉकेटचा मजकूर साधी एचटीटीपी विनंती समजतात आणि त्यातून त्यांच्या साठ्यात खोटी पाने घुसवता येतात, असे संशोधकांनी दाखवून दिले होते. त्यावर उपाय म्हणून मास्किंग आले. ब्राउझरकडून जाणारी प्रत्येक फ्रेम चार बाइटच्या यादृच्छिक किल्लीने झाकली जाते, म्हणजे वाटेतल्या यंत्राला ती ओळखीची वाटत नाही. डिसेंबर २०११ मध्ये आरएफसी ६४५५ हे प्रमाण प्रसिद्ध झाले. न झाकलेली फ्रेम ब्राउझरकडून आली तर सर्व्हरने जोडणी तोडली पाहिजे, असा त्यात नियम आहे. सर्व्हर हा नियम खरेच पाळतो का, ही पहिल्या चाचण्यांपैकी एक.

जोडणीची सुरुवात साध्या गेट विनंतीने होते. ब्राउझर सोळा बाइटची एक किल्ली बेस-६४ मध्ये पाठवतो. सर्व्हर तिला प्रमाणात ठरवून दिलेली एक अक्षरमाला जोडतो, त्याचा शा-१ काढतो आणि १०१ या क्रमांकाच्या उत्तरासोबत परत पाठवतो. इथून पुढे तीच टीसीपी जोडणी दोन्ही बाजूंनी बोलायला मोकळी होते. हे सगळे शंभर ओळींच्या जावात लिहून होते, पण चुकाही इथेच सुरू होतात. ‘कनेक्शन’ या हेडरची किंमत फक्त ‘अपग्रेड’ असेल असे धरून तुलना केली तर क्रोमवर सगळे सुरळीत चालते. फायरफॉक्स मात्र तिथे ‘कीप-अलाइव्ह, अपग्रेड’ अशी स्वल्पविरामाने जोडलेली यादी पाठवतो आणि त्याला दार उघडतच नाही. हेडरमधली अक्षरे मोठी की लहान याने फरक पडता कामा नये. वेबसॉकेटची आवृत्ती १३ सोडून दुसरी मागितली तर नकार देऊन कोणती चालते ते सांगितले पाहिजे. या चाचण्या साध्या जेयुनिटमध्ये, सॉकेट उघडून हाताने मजकूर पाठवून लिहिता येतात, आणि तशाच लिहाव्यात. तयार क्लायंट लायब्ररी नेहमी शहाणीच वागते, त्यामुळे वेड्यावाकड्या विनंतीपुढे सर्व्हर कसा वागतो हे तिच्यातून कधीच कळत नाही.

जावाचा खास सापळा फ्रेमच्या लांबीत आहे. मजकूर १२५ बाइटपर्यंत असेल तर लांबी सात बिटांत मावते. १२६ हा आकडा दिसला तर खरी लांबी पुढच्या दोन बाइटांत असते आणि १२७ दिसला तर पुढच्या आठ बाइटांत. पण जावातला बाइट चिन्हासहित असतो. तारेवरून २०० आले तर जावा ते उणे ५६ असे वाचतो. प्रत्येक बाइट २५५ शी ‘अँड’ करून घेतला नाही तर शे-दोनशे अक्षरांच्या निरोपावर सर्व्हर गोंधळतो आणि छोट्या निरोपांवर लिहिलेली चाचणी बिनबोभाट पास होते. आठ बाइटांच्या लांबीत आणखी एक अट आहे: सर्वांत वरचा बिट शून्यच असला पाहिजे, नाहीतर जावाच्या ‘लाँग’मध्ये ती लांबी ऋण होते. ही अट न तपासल्याने काय होते याचे उदाहरण खुद्द टॉमकॅटने दिले आहे. सीव्हीई-२०२०-१३९३५ या नोंदीनुसार फ्रेममधली लांबी नीट तपासली जात नव्हती आणि मुद्दाम चुकीची लांबी पाठवली की सर्व्हर अखंड फेऱ्यात अडकत होता. अशा थोड्या विनंत्या आल्या तरी सेवा ठप्प. बाधित आवृत्त्यांची यादी ७.०.२७ पासून सुरू होते, म्हणजे टॉमकॅटमध्ये वेबसॉकेट पहिल्यांदा आले तिथपासून. २०१२ ते २०२०. जगभर वापरला जाणारा, नामवंत हातांनी सांभाळलेला सर्व्हर, आणि एक चूक इतकी वर्षे निवांत राहिली. टॉमकॅटवर टीका करण्यासाठी मी हे सांगत नाही. त्यांनी चूक दुरुस्त केली आणि उघड जाहीरही केली. पण आपण चार दिवसांत स्वतः लिहिलेला फ्रेम वाचणारा कोड निर्दोष असेल, ही आशा सोडून द्यावी.

चुकीची दुसरी जागा आपल्या लिपीची. वेबसॉकेटचा मजकूर यूटीएफ-८ मध्येच असावा लागतो. देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. ‘पडघा’ हा शब्द घ्या: प, ड, घ आणि काना, चार चिन्हे, बारा बाइट. आता वेबसॉकेटमध्ये एक निरोप अनेक फ्रेममध्ये तोडून पाठवता येतो, आणि तोड अक्षराच्या मध्ये आली तरी चालते. पूर्ण निरोप जोडल्यावर तो वैध असला म्हणजे झाले. पाचव्या बाइटनंतर तोड पडली की ‘ड’चे दोन बाइट एका फ्रेममध्ये आणि तिसरा दुसऱ्या फ्रेममध्ये जातो. सर्व्हरने प्रत्येक फ्रेमची स्वतंत्र स्ट्रिंग बनवून त्या जोडल्या तर ‘ड’च्या जागी काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हे येतात. जावाची स्ट्रिंग इथे तक्रारही करत नाही, बिघडलेल्या बाइटांच्या जागी मुकाट्याने बदली चिन्ह ठेवते. त्यासाठी ‘कॅरसेटडिकोडर’ वापरून अपुरे बाइट पुढच्या फ्रेमपर्यंत राखून ठेवावे लागतात आणि खरोखर चुकीचा बाइट आला तर १००७ हा क्रमांक देऊन जोडणी बंद करावी लागते. इंग्रजी मजकुरावर ही चूक कधीही दिसणार नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एक बाइट. गाडीमालकाचे नाव, गावाचे नाव, मराठीत लिहिलेला शेरा पडद्यावर यायला लागला की मगच ती दिसते, तीही कधीमधी. म्हणून सर्व्हरच्या चाचणीत एक मराठी वाक्य घ्यावे आणि ते प्रत्येक बाइटवर तोडून पाठवावे. चाचणी लिहायला अर्धा तास पुरतो.

तयार पर्यायांकडे वळू. जेट्टीने मसुदे कच्चे असतानाच, २००९ च्या सुमारास, वेबसॉकेट घेतले होते. टॉमकॅटने २०१२ मध्ये स्वतःच्या पद्धतीने घेतले. प्रत्येक सर्व्हरची बोली वेगळी, त्यामुळे सर्व्हर बदलला की कोड बदलायचा. ही अडचण २०१३ मध्ये जेएसआर ३५६ ने संपवली. जावा ईई ७ चा तो भाग झाला आणि टायरस ही त्याची संदर्भ अंमलबजावणी ठरली. ‘सर्व्हरएंडपॉइंट’ हे ॲनोटेशन वर्गावर लावायचे, उघडणे, निरोप, चूक आणि बंद होणे यांसाठी एकेक मेथड लिहायची, आणि काम झाले. टॉमकॅट ८ ने जुनी पद्धत काढून टाकली. वाइल्डफ्लायमध्ये अंडरटोने हेच दिले. स्प्रिंग ४.० ने २०१३ च्या डिसेंबरात त्यावर स्टॉम्प आणि सॉकजेएस यांचा थर चढवला. जावा ११ मध्ये क्लायंटही भाषेबरोबरच येऊ लागला. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ ने पॅकेजची नावे बदलली, त्यामुळे जुना कोड टॉमकॅट १० वर तसाच उचलून ठेवला तर एंडपॉइंट सापडतच नाही. आज नवे काम सुरू करणाऱ्याने स्वतःचा फ्रेम वाचणारा लिहू नये, यांपैकी एक घ्यावा. शिकण्यासाठी मात्र जरूर लिहावा. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला नेटवर्क शिकवणारा यापेक्षा चांगला प्रकल्प मला माहीत नाही.

चाचणीसाठी सगळ्यांनी मान्य केलेली कसोटी म्हणजे ऑटोबान टेस्टसूट. पाचशेहून अधिक प्रकरणे आहेत: फ्रेमची बांधणी, पिंग-पाँग, राखीव बिट, तुकडे, यूटीएफ-८, बंद करण्याची रीत, मोठे निरोप, कॉम्प्रेशन. सर्व्हरवर आलेला निरोप जसाच्या तसा परत पाठवणारा एक एंडपॉइंट ठेवायचा आणि ऑटोबानचा क्लायंट त्याच्यावर सोडायचा. तो मुद्दाम चुकीच्या फ्रेम पाठवतो आणि प्रत्येक प्रकरणाचा निकाल पानावर मांडतो. साधन पायथन २ मधले असल्याने आता डॉकरमधूनच चालवणे सोयीचे. पिंग फ्रेम १२५ बाइटपेक्षा मोठी आली, मोठ्या निरोपाच्या दोन तुकड्यांच्या मध्येच पिंग आला, बंद करण्याच्या फ्रेममध्ये एकच बाइट आला, असे प्रसंग माणसाला सुचत नाहीत, ते इथे तयार मिळतात. स्वतःचा सर्व्हर लिहिणाऱ्याने प्रत्येक बदलानंतर हे चालवावे.

पण ऑटोबान व्याकरण तपासतो. नेटवर्क धड आहे असे तो गृहीत धरतो, आणि पडघ्याच्या गोदामात नेमके तेच धड नसते. पत्रा आणि लोखंडी रॅक यांच्यामध्ये वायफायचे कोपरे मरतात. हातातला स्कॅनर घेऊन माणूस रॅकच्या मागे गेला की जोडणी तुटते, पण सर्व्हरला कोणी कळवत नाही. टीसीपीच्या लेखी ती जोडणी जिवंतच असते. लिनक्सचे कीप-अलाइव्ह चालू केले तरी मूळ मांडणीत दोन तासांनी पहिली चौकशी करते, आणि टॉमकॅटमध्ये निष्क्रिय सत्राला मूळ मुदतच नाही. परिणामी मेलेल्या जोडण्या साचत जातात. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवायची सोय नाही, ब्राउझर फक्त आलेल्या पिंगला उत्तर देतो. तेव्हा पिंग सर्व्हरनेच पाठवायचा, वीस-तीस सेकंदांनी, आणि उत्तर आले नाही तर जोडणी स्वतः तोडायची. याची चाचणी वायर ओढून होत नाही, कारण तेव्हा यंत्राला लिंक गेल्याचे लगेच कळते. मधल्या यंत्रावर आयपीटेबल्समध्ये पाकिटे गुपचूप टाकून देण्याचा नियम लावावा आणि सर्व्हर किती वेळात जागा होतो ते मोजावे.

याहून महाग पडणारा दोष म्हणजे हळू वाचणारा ग्राहक. निरोप सगळ्यांना पाठवायचा म्हणून बहुतेक जण सत्रांच्या यादीवर फेरा चालवतात आणि प्रत्येकाला थांबून निरोप लिहितात. एक स्कॅनर मेलेल्या कोपऱ्यात असेल आणि त्याचे बफर भरले असेल, तर तो धागा तिथेच अडतो. टॉमकॅटमध्ये अशा लिहिण्याची मूळ मुदत २० सेकंद आहे. म्हणजे एका माणसाच्या नेटवर्कपायी बाकी सगळ्यांचे पडदे वीस सेकंद गोठतात. दोन धाग्यांनी एकाच सत्रावर एकदम लिहिले तर टॉमकॅट सरळ अपवाद फेकतो, आणि तो नेमका गर्दीच्या वेळी फेकला जातो. दोन्हींवर उपाय एकच: प्रत्येक सत्राला स्वतःची मर्यादित रांग आणि रांग भरली की ते सत्र बंद करायचे. स्प्रिंगमध्ये यासाठी तयार आवरण आहे. जावा २१ पासूनचे व्हर्च्युअल धागे अडून राहणे स्वस्त करतात, पण रांगेला मर्यादा नसेल तर मेमरी भरायची ती भरतेच. चाचणी सोपी आहे. एक क्लायंट असा लिहायचा की जो जोडतो आणि मग काहीच वाचत नाही. बाकीच्यांना निरोप वेळेवर मिळतो का ते पाहायचे. ही एक चाचणी ज्या सर्व्हरने दिली नाही, तो कामावर लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रॉक्सीची गोष्ट थोडक्यात. एन्जिनएक्सने वेबसॉकेट २०१३ पासून पुढे नेले, पण ‘अपग्रेड’चे हेडर आपण लिहून दिले तरच, आणि ६० सेकंद शांतता राहिली की तो जोडणी तोडतो. विकसकाच्या लॅपटॉपवर प्रॉक्सी नसतो, त्यामुळे हा दोष थेट गोदामातच उगवतो. चाचणीच्या मांडणीत प्रॉक्सी असलाच पाहिजे.

भाराच्या चाचणीत दोन आकडे लक्षात ठेवावेत. लिनक्सवर एका प्रक्रियेला उघड्या फाइलींची मूळ मर्यादा १०२४ असते आणि प्रत्येक जोडणी ही एक फाइल. शिवाय एका यंत्रावरून एकाच सर्व्हरकडे मूळ मांडणीत सुमारे २८ हजार पोर्ट मिळतात. त्यापुढे गेल्यावर सर्व्हर दमला असे वाटते, पण दमलेले असते चाचणीचे यंत्र. गॅटलिंग किंवा जेमीटर वापरावे, पण जोडण्यांच्या संख्येपेक्षा निरोप पोचायला लागलेला वेळ मोजण्यावर भर द्यावा. आणखी एक प्रसंग मुद्दाम घडवावा: लाइट जाऊन येणे. लाइट आली की सगळे पडदे आणि राउटर एकदम सुरू होतात आणि सगळे एकाच सेकंदाला जोडणी मागतात. क्लायंटने थोडा यादृच्छिक वेळ थांबून आणि प्रत्येक अपयशानंतर थांबणे वाढवत पुन्हा प्रयत्न करायला हवा. तुटलेल्या काळातले निरोप वेबसॉकेट परत आणून देत नाही. प्रत्येक निरोपाला क्रमांक द्यावा आणि जोडणी परत आली की क्लायंटने शेवटचा क्रमांक सांगून पुढचे मागावेत. चाचणीचा निकष एकच: दोन मिनिटे तुटून परत आल्यावर पडद्यावरची गाडी आणि डॉकवरची गाडी एकच आहे का.

सुरक्षेत एक भोक नेहमी राहते. वेबसॉकेटला ब्राउझरची समान-उगमाची अट लागू नाही. सुपरवायझरने दुसऱ्या टॅबमध्ये कोणतेही फसवे पान उघडले तर ते पान आपल्या सर्व्हरशी जोडणी उघडू शकते, आणि कुकीवर बंधन नसेल तर त्याच्याच कुकीसह. सर्व्हरने ‘ओरिजिन’ हेडर तपासून परके उगम नाकारले पाहिजेत. टॉमकॅटची मूळ मांडणी सगळ्यांना आत घेते, ती बदलावी. परक्या ओरिजिनची विनंती ४०३ ने परत जाते का, ही चार ओळींची चाचणी आहे.

एवढे सगळे करण्याआधी वेबसॉकेटच हवे का, हेही विचारावे. भिंतीवरचा पडदा फक्त ऐकतो. त्याच्यासाठी सर्व्हर-सेंट इव्हेंट्स पुरतात. ते साध्या एचटीटीपीवर चालतात, तुटले तर ब्राउझर आपणहून जोडतो आणि शेवटच्या निरोपाचा क्रमांकही पाठवतो. जुन्या एचटीटीपी १.१ वर एका ब्राउझरला एका सर्व्हरकडे सहाच जोडण्या मिळतात, ही त्याची मर्यादा. एचटीटीपी २ वर ती जाते. स्कॅनरसारखे दोन्ही बाजूंनी बोलणारे उपकरण असेल तिथे मात्र वेबसॉकेटच घ्यावे. गोदामाच्या कामात मी पडद्यांना सर्व्हर-सेंट इव्हेंट्स आणि स्कॅनरना वेबसॉकेट देईन.

शेवटी, जावा सर्व्हरवर काम करणाऱ्या मराठी विकसकांना एक विनंती. टॉमकॅट, जेट्टी, अंडरटो या सगळ्यांचा कोड खुला आहे आणि बाहेरून आलेल्या चाचण्या स्वीकारल्या जातात. देवनागरी मजकूर प्रत्येक बाइटवर तोडून पाठवणारी चाचणी लिहा, ती आधी आपल्या सर्व्हरवर चालवा, आणि नापास झालेला सर्व्हर सापडला तर दुरुस्तीसह त्या प्रकल्पाकडे पाठवा.